निंबोळी अर्कानं कोबी राखला : माझा अनुभव

बेळगावजवळच्या कडोली पट्ट्यात आमची दहा गुंठ्यांची कोबीची पट्टी आहे. दसऱ्याच्या सुमाराला रोपं लावायची आणि महिन्याभरात पाकोळ्यांची वाट बघायची, हे ठरलेलंच. संध्याकाळी सरीतून चाललं की पायाशी बारीक राखाडी पतंग उडतात. मिटलेल्या पंखांवर पाठीशी चौकोनी ठिपके दिसतात, म्हणून नाव चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची अळी फिकट हिरवी, बोटाच्या पेराहूनही लहान. बोट लावलं की वळवळत मागं सरकते आणि धाग्यावर लोंबकळते. पानाचा वरचा पापुद्रा ठेवून खालून खाते, त्यामुळं पानाला खिडक्या पडतात.

दोन वर्षांमागं आम्ही चार वेळा औषध मारलं, दर वेळी वेगळं. अळी हटली नाही. धाकटे भावजी धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकतात. ते म्हणाले, "वैनी, ही अळी औषधं पचवण्यात पटाईत. १९५३ सालीच जावा बेटावर हिनं डीडीटी या कीटकनाशकाला दाद दिली नव्हती." मग त्यांनीच निंबोळीचं सुचवलं.

आमच्याकडं पाऊस जास्त, कडुनिंब कमी. पण माझं माहेर अथणी तालुक्यातलं, तिथं बांधाबांधावर कडुनिंब. आईनं जूनमध्ये झाडाखालच्या पिवळ्या निंबोळ्या वेचून प्लास्टिकच्या पोत्यात भरून पाठवल्या. मी ते पोतं तसंच माळ्यावर टाकलं आणि पहिलं वर्ष तिथंच गेलं. लागणीनंतर पोतं सोडलं तर बुरशीचा भपकारा आला, बिया काळ्या पडलेल्या. आईची सगळी मेहनत उकिरड्यावर ओतताना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी वेचणीच्या वेळी मी स्वतः माहेरी गेले. निंबोळ्या पाण्यात कुस्करून गर काढला, बिया धुतल्या आणि सोप्यात सावलीला पसरल्या. उन्हात घालायच्या नाहीत. हलवल्यावर आतला मगज खुळखुळायला लागला तेव्हा गोणपाटात भरल्या, म्हणजे हवा खेळती राहते. भावजींचं सांगणं होतं की तीन महिन्यांच्या आतली ताजी बी नको आणि आठ-दहा महिन्यांहून जुनीही नको, कारण दोन्हीत कस कमी असतो. जूनची बी नोव्हेंबरात बरोबर बसली.

प्रमाण असं : शंभर लिटर फवाऱ्याला पाच किलो मगज. आम्हाला दहा गुंठ्यांना पन्नास लिटर लागतं, म्हणून अडीच किलो. टरफल काढून मगज उखळात भरड कांडला. तेलकट असतो, गिरणीत नेऊ नये, जातं भरून बसतं. ती भरड फडक्यात सैल बांधून पाच लिटर पाण्यात रात्रभर ठेवली. सकाळी दुधासारखं पांढरं पाणी निघेपर्यंत पिळली, गाळली आणि पन्नास लिटर केली. कोबीचं पान मेणचट, नुसतं पाणी त्यावरून पाऱ्यासारखं घरंगळतं. त्यासाठी थोडा साबण विरघळवून घातला. कांडलेल्या हातांचा कडवटपणा दोन दिवस जात नव्हता, भाकरीलाही तीच चव.

पहिला फवारा भर दुपारी मारला, ती माझी चूक. यातलं मुख्य द्रव्य अझाडिरॅक्टिन, ते उन्हात लवकर मोडतं. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत बघून मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "अळ्या वळवळूलाल्यात न्हवं, मग औषध कसलं हे?" मलाही उत्तर सुचेना.

भावजींनी फोनवर सांगितलं, "मेलेल्या अळ्या मोजू नका, नवी भोकं मोजा." मग मी घरीच पडताळणी केली. स्टीलच्या डब्यात कोबीच्या पानाचे दोन तुकडे ठेवले, एक अर्कात बुडवून वाळवलेला, एक साध्या पाण्यातला. मधे दहा बारक्या अळ्या सोडल्या आणि वर मलमलीचं फडकं बांधलं. सकाळी साध्या तुकड्याच्या शिरा तेवढ्या उरल्या होत्या. अर्काच्या तुकड्याची कड जरा कुरतडलेली, बस्स. दोन अळ्या त्याच पानावर बसून होत्या, पण तोंड लावत नव्हत्या. मामांनी डबा उजेडात धरून बराच वेळ बघितला. पुढच्या फवाऱ्याला पंप त्यांनीच पाठीवर घेतला.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये टोळधाडीवर हेच पाहिलं होतं : निंबोळीचं पाणी मारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नव्हते. अझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं ते त्यानंतर, १९६८ मध्ये. आणि माझी आजी ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालायची, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं! खाणं तुटतं, शिवाय अळीला कात नीट टाकता येत नाही, म्हणून ती आठवड्याभरात गळते. हे बारक्या अळीवर चालतं. मोठी झालेली अळी दाद देत नाही, म्हणून पतंग दिसले की लगेच फवारा, ऊन उतरल्यावर, नोझल पानाच्या खालून.

आठ-आठ दिवसांनी पाच फवारे केले. दर पंचवीस ओळींमागं मोहरीच्या दोन ओळीही लावल्या होत्या, पतंग आधी तिकडं अंडी घालतो. बाहेरच्या पानांना भोकं होतीच, गड्डे मात्र आतून स्वच्छ निघाले. कुंपणाकडच्या कोपऱ्यात पंप नीट पोचला नव्हता, तिथले गड्डे घरी जनावरांना घातले. बाकीचा माल बेळगावच्या मार्केटात गेला. तिथं वरची दोन पानं काढून दाखवली की व्यापारी पुढं काही विचारत नव्हता.

यंदा अथणीकडंही वेचणीच्या वेळी झड लागलीय. सकाळीच आईला फोन करून सांगितलं, बिया अंगणात नको, माजघरात पंख्याखाली पसर.