उरलेली सात मिनिटं

समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, परवा दुपारी एडी वाळत होता. एडी म्हणजे आयर्न मेडन या मेटल बँडच्या अल्बमच्या कव्हरवर असतो तो, कातडं सुकलेला, दात विचकणारा. काळा टी-शर्ट उलटा टांगलेला, त्यामुळे एडीचे केस खाली लोंबत होते. त्याच्या एका बाजूला गंजिफ्रॉक, दुसऱ्या बाजूला आजींचं नऊवारी लुगडं. पावसाचे चार थेंब पडले तशा आजी लगबगीनं बाहेर आल्या. आधी लुगडं काढलं, मग गंजिफ्रॉक, मग एडी. त्याला त्यांनी फटकन झटकलं, ओल राहिली का म्हणून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, तिथल्या तिथे चौकोनी घडी घातली आणि काखेत मारून आत गेल्या.

टी-शर्ट नातवाचा. संध्याकाळी तो वाण्याकडे भेटला तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "तू मेडनवाला का रे?"

"हो. पण डिकिन्सन गायला आल्यानंतरचं मेडन. त्याच्या आधीचं जरा पंककडे झुकतं, नाही का काकू?"

डिकिन्सन आला 1981 साली. तेव्हा या पोराची आईसुद्धा शाळेत गेली नसेल. पण गायक कालच बदलला असावा आणि आपल्याला कुणी विचारलं नाही, अशा तक्रारीच्या सुरात तो बोलत होता. मी त्याला सांगितलं, पहिले दोन अल्बम नीट ऐक आणि मग बोल. तो म्हणाला ऐकलेत. मी म्हटलं परत ऐक. वाणी साखरेची पुडी हातात धरून आमच्याकडे बघत राहिला.

आम्ही डोंबिवलीला राहायचो आणि मे महिन्याची सुट्टी लागली की माझी रवानगी लालबागला, मामाच्या चाळीत. मामेभाऊ माझ्याहून बराच मोठा, कॉलेजात जाणारा. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो. त्याच्याकडे मस्कतहून आलेला टू-इन-वन होता आणि खाटेखाली बुटांच्या खोक्यांत भरलेल्या कॅसेटी. त्यांना हात लावायची परवानगी नव्हती, वाचायची होती. प्रत्येकीच्या कण्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर स्केचपेननं नाव आणि नावापुढे रंगाचा ठिपका. हार्ड रॉकला निळा, हेवी मेटलला लाल, प्रोग्रेसिव्हला हिरवा. रविवारी त्याचे मित्र यायचे, खाटेवर, खिडकीत, जमेल तिथे बसायचे आणि ठिपक्यांवरून भांडायचे. डीप पर्पल निळं की लाल? निळंच, कारण जॉन लॉर्डचा ऑर्गन. मेटलमध्ये कुठे असतो ऑर्गन? मग त्यांचा 'इन रॉक' अल्बम ऐकलायस का तू? मित्र गेले की दादा जुन्या पट्टीवर नवी पट्टी चिकटवायचा. पुढच्या रविवारी परत. डीप पर्पलच्या कॅसेटीवर इतक्या पट्ट्या चढल्या की ती खोक्यात जाईना. शेवटी ती टू-इन-वनच्या डोक्यावरच राहू लागली आणि म्हणून सगळ्यात जास्त वाजली.

आमच्या ऐकण्यात पुढे जे काही झालं त्याचं मूळ त्या कॅसेटीच्या लांबीत आहे असं माझं मत आहे. कॅसेट टीडीके कंपनीची, नव्वद मिनिटांची. एका बाजूला 45 मिनिटं. पिंक फ्लॉइडचं 'डार्क साइड ऑफ द मून' साधारण 43 मिनिटांचं, ते एका बाजूला असं बसायचं की टीडीकेवाल्यांना विचारूनच केलं असावं. पण दुसऱ्या बाजूला डीप पर्पलचं 'मशीन हेड', ते साडेसदतीस मिनिटांत आटोपतं. उरतात सात-साडेसात मिनिटं. आता कोकणी घरात सात मिनिटांची कोरी टेप कोण सोडणार? तिथे दादानं बॉन जोवीचं 'लिव्हिन ऑन अ प्रेअर' भरलं. बॉन जोवीचा तो मित्रांसमोर मनापासून तिरस्कार करायचा, केस फुगवणाऱ्यांचं संगीत म्हणून. पण गाणं चार मिनिटांचं होतं, ते बसत होतं. त्यापुढच्या पावणेतीन मिनिटांत ब्लॅक सॅबाथचं 'पॅरानॉइड'. ते संपलं की टेप चार श्वास फिरायची आणि बटण खटकन वर यायचं.

म्हणजे बघा, गाणी निघाली त्या सालांनी 1972, मग 1986, मग 1970. माझ्यासाठी रॉकचा इतिहास या क्रमानं घडला आहे. 'मशीन हेड'चं शेवटचं गाणं संपलं की आजही माझ्या कानात आपोआप बॉन जोवी सुरू होतो. तो आला नाही की काहीतरी राहून गेल्यासारखं होतं. अस्सल अल्बम पहिल्यांदा सीडीवर ऐकला तेव्हा मला तो अपुराच वाटला होता.

तिकडच्या लोकांना हे बँड ओळीनं मिळाले असतील. आधी हे, मग त्याला कंटाळून ते, मग त्याच्यावर चिडून तिसरं. आपल्याकडे कुणाचा भाऊ बोटीवर होता, कुणाची आत्या आखातात, कुणी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून काय उचललं, यावर सगळं अवलंबून. केबलवाल्यानं चाळीत वायर टाकली तेव्हा 1991 सालचं निर्वाणा आम्हांला जवळजवळ वेळेवर मिळालं, आणि साठच्या दशकातला हेन्ड्रिक्स त्याच्यानंतर पोचला. ऐंशीच्या दशकातलं मेटालिका मला आधी कळलं, साठच्या दशकातले डोअर्स नंतर. त्यामुळे कुणी 'सत्तरचं दशक श्रेष्ठ की ऐंशीचं' असं विचारलं की मी मनातल्या मनात पहिल्यांदा हे बघते की ते कुणाच्या खोक्यातून आलं होतं.

रंगभवनातही हेच. धोबीतलावचं ते उघडं नाट्यगृह, झेवियर्सच्या शेजारचं. 1986 पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक नावाचा रॉकचा महोत्सव भरायचा, आणि दादा एकदा मलाही घेऊन गेला. मामीनं अट घातली होती की शेवटच्या गाडीची वाट बघायची नाही. काळ्या टी-शर्टांचा समुद्र, मुली हातावर मोजण्याइतक्या, घामाचा आणि भिजलेल्या सिमेंटचा वास. मंचावरची पोरं एक गाणं मेडनचं, एक डोअर्सचं, मग हळूच स्वतःचं एक, की लगेच खालून ओरडा, मेटालिका वाजव! पंचवीस वर्षांचं अंतर दोन गाण्यांमध्ये, आणि कुणाला काही वाटत नव्हतं. वाद नंतर, मेट्रो सिनेमाजवळच्या इराण्याकडे, ब्रून मस्का खाताना. तिथे मात्र एकेक वर्ष मोजून घ्यायचे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातलं ते सगळं थांबलं. आजूबाजूला रुग्णालयं आहेत, तक्रार करायला तशी जागा नाही. पण मी करते.

काळाचं म्हणाल तर आपल्या मुंबईनं त्यात चांगलाच घोळ घालून ठेवला आहे. लेड झेपेलिनचे गिटारवाला पेज आणि गायक प्लांट 1972 मध्ये इथे आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर आली 2015 साली. आता हे सत्तरच्या दशकातलं झेपेलिन म्हणायचं की कसलं? ते ऐकताना मला तर सारखं वाटत होतं की व्हायोलिनवाल्यांपैकी कुणीतरी सकाळी महालक्ष्मीच्या स्टुडिओत सिनेमाचं गाणं वाजवून इकडे आला असेल आणि संध्याकाळी घरी जाऊन म्हणाला असेल, दोन गोरे आले होते, केस वाढवलेले, पैसे वेळेवर दिले.

क्वीनचा ठिपका कधीच ठरला नाही. प्रत्येक अल्बममध्ये ते निदान चार रंगांचे. दादाचं म्हणणं, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथेच त्याचा पहिला बँड, म्हणजे तो आपला, आणि आपल्या माणसाला कुठे ठिपका लावतात? हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनं लंगडा होता, पण कुणी खोडला नाही.

आणि ठिपके लावणारे काही आमच्याच चाळीत होते असं नाही. 1989 मध्ये ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारवाल्यांनी हार्ड रॉक आणि मेटल यांचं मिळून पहिलं बक्षीस ठेवलं. सगळ्यांनी धरून चाललं होतं की मेटालिकाला. मिळालं जेथ्रो टलला. बासरीवाल्यांना! एका पायावर उभं राहून बासरी वाजवणाऱ्या इयन अँडरसनला मेटलचं पहिलं ग्रॅमी. पुढच्या वर्षी त्या बक्षिसाचे दोन तुकडे केले, हार्ड रॉक वेगळं, मेटल वेगळं. 1992 मध्ये मेटालिकाला मिळालं तेव्हा त्यांच्या ड्रमरनं मंचावरून जेथ्रो टलचे आभार मानले, यंदा तुम्ही अल्बम काढला नाहीत म्हणून. ही गोष्ट दादा इतक्या वेळा सांगायचा की मामी स्वयंपाकघरातून शेवटचं वाक्य म्हणायची.

माझी स्वतःची एकच खोड आहे. फोनवर गाणी लावली की तो सगळ्यांना 'क्लासिक रॉक' नावाच्या एकाच पिशवीत घालतो, ईगल्सही त्यात, निर्वाणाही त्यात. मला चीड येते. मग हिशेब करते. आम्ही 'मशीन हेड'ला जुनं म्हणायचो तेव्हा त्याला जेमतेम वीस वर्षं झाली होती. निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'ला आता तीस उलटून गेलीत. हिशेब तिथेच सोडते आणि चीड तेवढी चालू ठेवते.

सगळ्या खोक्यांत वाद नसलेली कॅसेट एकच होती, ब्लॅक सॅबाथची. लाल ठिपका, एकच पट्टी, कधी बदलली नाही. पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970, शुक्रवार. मेटलचा वाढदिवस, असं दादा म्हणायचा. एका रविवारी त्याला कुठल्याशा रद्दीतल्या मासिकात सॅबाथच्या गिटारवाल्याची, टोनी आयोमीची हकीकत सापडली आणि त्यानं ती मित्रांना वाचून, करून दाखवली.

शेजारच्या खोलीत एक काका राहायचे. मालवणकडचे, गिरणी कामगार, संपानंतर परत न घेतलेले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापाशी संपायची. गिरणीत गेलेली. गिरणगावात कुणी त्याकडे वळून बघायचं नाही, दर चाळीत असा एखादा हात असायचाच. बोटांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते अधूनमधून दुपारचे कुठे कुठे जाऊन यायचे. शनिवारी भजनाला पेटी वाजवायचे, त्या हातानं भाता आणि दुसऱ्या हाताची बोटं पट्ट्यांवर. दादाच्या गोंगाटाला चाळीत सगळ्यांची हरकत होती, यांची नव्हती. एकदा सॅबाथ ऐकून म्हणाले होते, "पखवाज बरो वाजयता."

त्या रविवारी ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. दादा सांगत होता. आयोमी सतरा वर्षांचा, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला. त्या दिवशी त्याचा शेवटचा दिवस, उद्यापासून गिटारच वाजवायची. यंत्रात उजवा हात गेला, मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आणि हा डावखुरा, म्हणजे नेमकी तारा दाबायची बोटं! सगळं संपलं म्हणून घरात बसलेला. मग कारखान्याचा फोरमन एक रेकॉर्ड घेऊन आला, जँगो राइनहार्टची, आगीत हात भाजल्यावर दोन बोटांवर गिटार वाजवणाऱ्याची. मग यानं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं लावलं. ताणलेल्या तारा दुखायच्या म्हणून बारीक तारा घेतल्या, पुढे त्या सैल सोडल्या, सूर खाली उतरला, जड झाला. "हे बघ, हे ते जड," असं म्हणून दादानं कॅसेट लावली, आणि मित्रांपैकी एकजण लगेच म्हणाला की सूर उतरवला तो तिसऱ्या अल्बममध्ये, 1971 ला, मग मेटलचा वाढदिवस 1970 चा कसा धरतोस? दुसरा म्हणाला, त्याआधी ब्लू चिअर नावाचा बँड होता. झालं, जुंपली.

काका मध्येच बोलले, त्यामुळे पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी परत विचारलं.

"मगे कंपनीन तेका भरपाय दिल्यान काय?"

दादानं आवाज कमी केला, मासिक उचललं आणि तो मजकूर पहिल्यापासून परत वाचून काढला. त्यात ते दिलेलं नव्हतं.