एस्मेराल्डा काउंटी, नेवाडा: ७२९ माणसं, एक कोर्ट आणि एकही शहर नाही

लास वेगासहून यूएस ९५ हायवेने उत्तरेला निघालं की सुमारे ११५ मैलांवर बेटी लागतं. टाकी अर्धी भरलेली असली तरी इथे काठोकाठ भरून घ्या. यानंतरचा भरवशाचा पंप टोनोपाला, म्हणजे नव्वदहून जास्त मैलांवर. वाटेतल्या गोल्डफील्डला, म्हणजे एस्मेराल्डाच्या मुख्यालयाच्या गावात, पेट्रोल मिळेल असं धरून चालू नका. बेटी आणि टोनोपा ही दोन्ही गावं शेजारच्या नाय काउंटीत येतात. म्हणजे एस्मेराल्डा बघायची तर सोय काउंटीबाहेरच करायची. मुक्कामही टोनोपालाच करा.

काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. हिचं क्षेत्रफळ सुमारे ९,३०० चौरस किलोमीटर आणि २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ७२९. नगरपालिका एकाही गावाला नाही. हायस्कूलही नाही, मुलं टोनोपाला जातात.

गोल्डफील्डच्या अलीकडे सुमारे १५ मैलांवर लिडा जंक्शन आहे. तिथून डावीकडे राज्य रस्ता २६६ आणि मग ७७४ धरला की तितक्याच अंतरावर गोल्ड पॉइंट. रस्ता डांबरी आहे, साधी गाडी चालते. गावाची नावं बघा: आधी लाइम पॉइंट, १९०८च्या सुमारास हॉर्नसिल्व्हर, १९३२पासून गोल्ड पॉइंट. चुनखडी, चांदी, सोनं. खाणीने रंग बदलला की पाटी बदलायची. लाकडी घरं अजून उभी आहेत आणि त्यांना मालक आहेत, तेव्हा दार ढकलून आत शिरू नका.

पाट्यांचा हा प्रकार अख्ख्या काउंटीलाच लागू आहे. १८६१ साली ती स्थापन झाली तेव्हा मुख्यालय ऑरोराला होतं. गंमत अशी की कॅलिफोर्नियाच्या मोनो काउंटीचं मुख्यालयही तेव्हा ऑरोराच होतं. १८६३च्या मोजणीत गाव नेवाडात निघालं आणि मोनोवाल्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. १८८३ला मुख्यालय हॉथॉर्नला गेलं, १९०७ला गोल्डफील्डला. १९११ साली उत्तरेचा भाग तोडून मिनरल काउंटी केली, त्यात ऑरोरा आणि हॉथॉर्न दोन्ही गेली. म्हणून १९१०ची ९,३६९ आणि १९२०ची २,४१० ही लोकसंख्या शेजारी ठेवून 'तीन चतुर्थांश माणसं पळाली' असं म्हणणं चूक. थोडी माणसं सीमारेषेनेच नेली.

गोल्डफील्डला मात्र खरंच ओहोटी लागली. डिसेंबर १९०२मध्ये इथे सोनं सापडलं आणि भराच्या काळात वस्ती वीस हजारांच्या घरात गेल्याचं मानतात. खनिज इतकं कसदार की खाणकामगार ते कपड्यांत लपवून बाहेर नेत. ते रोखायला कंपन्यांनी कपडे बदलायच्या खोल्या सक्तीच्या केल्या, तंटे पेटले आणि डिसेंबर १९०७मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सैन्य धाडलं. मग सोनं आटलं, १९१३ला पूर आला, १९२३च्या आगीत गावाचा मोठा भाग गेला. गावात आज इमारतींमध्ये दिसणाऱ्या रिकाम्या जागा आगीच्या आहेत.

यूएस ९५ गावातूनच जातो आणि वेगमर्यादा ताशी सत्तर मैलांवरून टप्प्याटप्प्याने पंचवीसवर येते. पहिली पाटी दिसताच वेग कमी करा. बहुतेक जण गोल्डफील्ड हॉटेलसमोर फोटो काढून निघतात. ते १९०८ला उघडलं, कित्येक दशकं बंद आहे, बाहेरूनच बघायचं. आमच्या मते खरी बघायची जागा म्हणजे कोर्ट. किल्ल्यासारख्या दगडी कंगोऱ्यांची १९०७ची ही इमारत म्युझियम नाही, काउंटीचा कारभार इथूनच चालतो. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार कामाच्या वेळेतच जा आणि क्लार्कच्या खिडकीशी विचारा. सुनावणी नसेल तर न्यायदालन बघायला मिळतं. न्यायाधीशांच्या मेजावरचे टिफनीचे रंगीत काचेचे दिवे चुकवू नका. शनिवार-रविवारी आलात तर कुलूप बघून परत.

गावाबाहेरच्या दफनभूमीत एक पाटी आहे: अनोळखी माणूस, लायब्ररीतली खळ खाऊन मेला, १४ जुलै १९०८. वीस हजारांच्या गर्दीत नावही न कळता मेलेला माणूस आज गावात सगळ्यांत प्रसिद्ध आहे.

दुसरा दिवस सिल्व्हर पीकला द्या. टोनोपाहून पश्चिमेला ब्लेअर जंक्शन, तिथून राज्य रस्ता २६५ने दक्षिणेला २१ मैल, सगळा डांबरी रस्ता. गावाच्या थोडं अलीकडे ब्लेअर या ओस पडलेल्या गावाचे दगडी अवशेष दिसतात. पुढे क्लेटन व्हॅलीत निळ्या-हिरव्या रंगांची तळी पसरलेली आहेत. जमिनीखालचं खारं पाणी उपसून उन्हात आटवायचं, वर्ष-दीड वर्षात ते घट्ट झालं की त्यातून लिथियम कार्बोनेट काढायचं, असं १९६६पासून चालू आहे. पद्धत आपल्या मिठागरांचीच, फक्त माल बॅटरीत जातो. तळ्यांलगतचा रस्ता सोडून मिठाच्या सपाटीवर गाडी घालू नका. वरचा पापुद्रा कडक असतो, खाली चिखल. चाक रुतलं की ओढून काढणारी गाडी यायलाच अर्धा दिवस जातो.

परतताना क्लेटन व्हॅलीतून थेट गोल्डफील्डला जाता येतं, पण त्यात कच्चा भाग आहे आणि खडी धारदार. पूर्ण आकाराची स्टेपनी हवी, तिच्यातली हवा प्रवासाला निघण्यापूर्वीच तपासा. भाड्याची गाडी असेल तर करारातलं कच्च्या रस्त्याचं कलम वाचा, पंक्चरचा खर्च बहुधा तुमच्याच माथी येतो. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरावर ढग दिसले तर हा रस्ता सोडाच, कोरडा ओढा काही मिनिटांत वाहू लागतो.

हायवे सोडला की फोनला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून घ्या. माणशी दिवसाला चार लिटर पाणी न्या. शाकाहारी असाल तर डबाही बरोबर घ्या. जुन्या खाणींच्या तोंडाशी जाऊ नका, लाकडी टेकू कुजलेले असतात आणि आतली हवा विषारी असू शकते. शंभर वर्षांपूर्वीच्या बाटल्या, डबे उचलून नेणं सरकारी जमिनीवर गुन्हा ठरू शकतं.

आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. इथे गुरं मोकळी चरतात, रस्त्याला कुंपण असेलच असं नाही. नेवाडाच्या ओपन रेंज कायद्यानुसार तुमची गाडी गायीवर आदळली तर भरपाई गायीच्या मालकाकडे मागता येत नाही, उलट गायीचे पैसे तुमच्याकडे मागितले जाऊ शकतात.