चौदाव्या महिन्यात बंद पडलेले वॉशिंग मशीन आणि कार्डावरची वाढीव वॉरंटी

२०२४ च्या जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आमचे वॉशिंग मशीन ड्रममध्ये पाणी तसेच ठेवून बंद पडले. न्यू जर्सीतल्या त्या थंडीत कपडे हाताने पिळून तळघरात दोऱ्या बांधून वाळत घालण्यात दिवस गेला. संध्याकाळी बिल शोधले तेव्हा लक्षात आले की मशीन नोव्हेंबर २०२२ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सवलतीत घेतलेले होते आणि कंपनीची एक वर्षाची वॉरंटी दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. किंमत ८४९ डॉलर, त्यावर ६.६२५ टक्के विक्रीकर, म्हणजे एकूण ९०५ डॉलर २५ सेंट. पत्नीने विचारले, "हे आपण कोणत्या कार्डावर घेतले होते?" त्या रात्री मी क्रेडिट कार्डाबरोबर आलेली लाभांची पुस्तिका पहिल्यांदाच शब्दन् शब्द वाचली.

अमेरिकेतल्या अनेक क्रेडिट कार्डांवर वाढीव वॉरंटीचे संरक्षण असते. उत्पादकाची लेखी वॉरंटी संपली की तिच्याच अटींवर साधारणपणे आणखी एक वर्ष दुरुस्तीचा खर्च मिळतो, मात्र मूळ वॉरंटी ठरावीक मुदतीहून मोठी असता कामा नये. ही मर्यादा बऱ्याच व्हिसा कार्डांवर तीन वर्षांची, तर अमेरिकन एक्स्प्रेसच्या कार्डांवर पाच वर्षांची आहे. वस्तूसाठी जेवढी रक्कम मोजली, तिच्यापलीकडे भरपाई जात नाही. 'तिच्याच अटींवर' या शब्दांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण मूळ वॉरंटीत जो बिघाड बसत नाही तो वाढीव वर्षातही बसत नाही. वस्तू हातून पडली, पुराचे पाणी शिरले किंवा घरगुती मशीन व्यवसायासाठी वापरले, तर या संरक्षणाचा उपयोग होणार नाही.

मी दावा दाखल केला तो बँकेकडे नव्हे. बँकेच्या वतीने हे काम विमा कंपनी किंवा तिने नेमलेली दावे हाताळणारी संस्था करते, आणि तिथल्या माणसासमोर आपले मशीन नसते, फक्त कागद असतात. हे मला उशिरा उमगले. घरी आलेल्या तंत्रज्ञाने तपासणीचे १०९ डॉलर घेतले आणि अंदाजपत्रकावर एवढेच लिहिले की बोर्ड बदलावा लागेल. आठवड्याभरात उत्तर आले की बिघाडाचे कारण नमूद नसल्यामुळे दाव्याचा विचार करता येत नाही. त्यांचे म्हणणे रास्त होते. बोर्ड पाणी सांडल्याने जळला की आतला भाग निकामी झाल्याने, हे त्या एका ओळीवरून कोणालाही कळले नसते. मी तंत्रज्ञाला पुन्हा फोन करून विनंती केली आणि त्यांनी सुधारित कागद पाठवला. त्यात मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, तपासणीची तारीख, मुख्य कंट्रोल बोर्डमध्ये अंतर्गत विद्युत बिघाड असल्याचे निदान, बाहेरून इजा किंवा गैरवापराची खूण नसल्याचे स्पष्ट वाक्य आणि सुट्या भागाची किंमत व मजुरी वेगवेगळी मांडलेली होती. एकूण खर्च ३७८ डॉलर. मला कोणी सल्ला विचारला तर मी सर्वांत आधी हेच सांगतो की तंत्रज्ञ घरातून बाहेर पडण्यापूर्वी त्याच्याकडून कारण लेखी घ्यावे. जुना भागही टाकून देऊ नये, कारण तो तपासणीसाठी मागवण्याचा अधिकार दावा तपासणाऱ्यांना असतो.

बाकीची कागदपत्रे तीन होती: दुकानाचे तपशीलवार बिल, त्या महिन्याचे कार्डाचे विवरणपत्र आणि उत्पादकाच्या वॉरंटीची प्रत. लहानपणी आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड एक तार टांगलेली असे आणि वडील प्रत्येक बिल त्या तारेला टोचून ठेवत. तो रिवाज इकडे येऊन मी सोडला होता याचे मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटले, कारण दुकानाची पावती उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर होती आणि चौदा महिन्यांत तिच्यावरची अक्षरे जवळजवळ पुसली गेली होती. सुदैवाने दुकानाने ईमेलवरही बिल पाठवले होते. वॉरंटीची छापील प्रत सापडली नाही, पण त्याने अडले नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यामुळे ग्राहकाला लेखी वॉरंटी खरेदीआधी पाहता यावी असे बंधन इथे आहे, आणि २०१५ मध्ये झालेल्या सुधारणेनंतर उत्पादकांना ती संकेतस्थळावर ठेवण्याची मुभा मिळाली. मॉडेल क्रमांक टाकताच आमच्या मशीनची प्रत मिळाली.

आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचा डिशवॉशरचा दावा मात्र नाकारला गेला, आणि त्याचे कारण प्रत्येकाने खरेदीआधी वाचण्यासारखे आहे. अनेक व्हिसा कार्डांच्या पुस्तिकेत घराचा भाग बनणाऱ्या वस्तू वगळलेल्या असतात. त्यात ज्यांची वीजजोडणी किंवा नळजोडणी कायमस्वरूपी आहे अशा वस्तू, गॅरेजचे दार आणि छताचा पंखा यांचा स्पष्ट उल्लेख असतो. वॉशिंग मशीनचा प्लग भिंतीतून काढता येतो आणि नळ्यांचे आटे हाताने सुटतात, म्हणून ते चालते. डिशवॉशरची तार थेट भिंतीतल्या तारेला जोडलेली असेल तर वाद उभा राहतो. पाणी तापवण्याच्या टाकीबद्दल तर आशाच धरू नये. भारतातून सुटकेसमध्ये आणलेल्या मिक्सरचेही तसेच आहे, कारण त्याची वॉरंटी अमेरिकेत लागू नसते आणि जी वॉरंटी इथे नाहीच ती वाढणार तरी कशी? इथल्या भारतीय दुकानातून घेतलेल्या ११० व्होल्टच्या मिक्सरबरोबर अमेरिकेत चालणारी लेखी वॉरंटी आहे का, हे मी आता विचारून घेतो.

खरेदीच्या वेळी दुकानदार दोन गोष्टी पुढे करतो. एक म्हणजे पाच वर्षांची जादा हमी, जी मला १४९ डॉलरला देऊ केली होती, आणि दुसरी म्हणजे दुकानाच्या स्वतःच्या कार्डावर बिनव्याजी हप्ते. दुसरी अधिक मोहात पाडते, पण दुकानांच्या कार्डांवर हे संरक्षण बहुधा नसते आणि वर्षभराच्या हप्त्यांसाठी आपण पुढच्या वर्षाची वॉरंटी सोडून देतो. अर्थात ज्यांना कार्डाचे बिल महिन्याच्या महिन्याला पूर्ण फेडणे शक्य नाही, त्यांनी बिनव्याजी हप्तेच घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वीस टक्क्यांहून अधिक व्याज भरून मिळवलेली वॉरंटी शेवटी महागच पडते.

पुस्तिकेची प्रत खरेदीच्या दिवशीच जतन करावी, कारण हे लाभ बदलत राहतात. डिस्कव्हर या अमेरिकन कार्ड कंपनीने २०१८ मध्ये हे संरक्षण बंद केले. अमेरिकन एक्स्प्रेसच्या कार्डांवर पूर्वी दोन वर्षांपर्यंत वाढ मिळत असे, ती २०२० पासून एका वर्षावर आली. बिघाड झाल्यावर किती दिवसांत कळवायचे याची मुदतही प्रत्येक कार्डाची निराळी असते, त्यामुळे तंत्रज्ञाची वेळ ठरवण्याआधी दाव्याची नोंद करून ठेवणे बरे.

आमचा दावा सुधारित कागद पाठवल्यानंतर पाच आठवड्यांनी मंजूर झाला. दुरुस्तीचे ३७८ डॉलर आणि तपासणीचे १०९ डॉलर असे एकूण ४८७ डॉलर मिळाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवा बोर्ड बसला आणि तळघरातल्या दोऱ्या सोडल्या. मशीन अजून चालू आहे, आणि त्याच्या मॉडेल क्रमांकाच्या पट्टीचे छायाचित्र, बिल, वॉरंटी व कार्डाची पुस्तिका आता संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये एकत्र आहेत. त्या फोल्डरचे नाव मी 'तार' असे ठेवले आहे.