भिंतीवरची निळी रेघ

मार्चचा शेवटचा आठवडा होता. भंडाऱ्याहून निघालेली साकोलीची एसटी लाखनीला अर्धीअधिक रिकामी झाली आणि मला खिडकी मिळाली. दोन्ही अंगाला उन्हाळी धानाच्या हिरव्या बांध्या, मधूनच मोहाखाली टोपल्या घेऊन वेचणाऱ्या बाया. सकाळचे आठच वाजले होते, तरी खिडकीच्या लोखंडी दांडीला हात लावला की पुढचा दिवस कसा जाणार ते कळत होतं.

फाट्यावर मावसभाऊ गाडी घेऊन उभा होता. तिथून दोन किलोमीटर आत एक जुनं वॉटर पार्क आहे, तिथल्या तिकीट खिडकीवर तो बसतो. आठवड्यापूर्वी त्याचाच फोन आला होता. "दादा, यंदा बोट काढून टाकतो म्हणून राहिले मालक. पाहायची असन तं येऊन जा."

पार्कच्या पाटीवर तिचं नाव वेगळंच आहे, पण सगळे तिला बोटच म्हणतात. सिमेंटच्या नालीतून ओंडक्यासारखी दिसणारी फायबरची बोट वाहत जाते, पट्ट्यावरून वर चढते आणि तीन मजल्यांवरून खाली पाण्यात आपटते. सातवीत असताना शाळेच्या सहलीत मी त्यात पहिल्यांदा बसलो. आमच्या वर्गात समुद्र पाहिलेलं कुणीच नव्हतं. पोहायला गावचा तलाव होता, पण पाणी माणसाला उचलून फेकतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. परतताना बसमध्ये सगळ्यांचे कपडे ओले होते आणि गुरुजी कुणालाच रागावले नाहीत.

हंगाम सुरू व्हायला पंधरा दिवस होते. आत शिरताच रेझिनचा, म्हणजे फायबर बनवायच्या चिकट रसायनाचा, वास आला, नाकात झोंबणारा. दोन पोरं पिवळ्या घसरगुंडीत उकिडवी बसून ग्राइंडर मारत होती. फायबरवर वरून जो चकचकीत थर असतो त्याला जेलकोट म्हणतात. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तो खडूसारखा होतो, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. त्यातून पाणी आत झिरपतं आणि आतल्या थरात फोड धरतात. फोड खरवडायचा, जागा पूर्ण सुकू द्यायची, काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये भिजवून बसवायची आणि वरून पुन्हा जेलकोट द्यायचा, असं ते काम. ओल राहिली तर पुढच्या वर्षी त्याच जागी फोड येतो. आपल्याकडे सुकण्याची चिंता नाही, अडचण उलटी आहे. ऊन चढलं की डब्यातलं रेझिन हातातच घट्ट होऊन बसतं. म्हणून पोरं पहाटे येतात, रेझिन घट्ट करणारं हार्डनर बेतानं घालतात आणि दहाच्या आत काम आवरतात. मी जोडावरून तळवा फिरवून पाहिला. एका ठिकाणी कड नखाएवढी वर आली होती. लेकरांची कोपरं सोलतात ती अशा कडेनं. पोराला दाखवली तर त्यानं लगेच खडूनं गोल केला.

पंपाची खोली बोटीच्या मागे आहे. तिथले काका या पार्कवर वीस वर्षांपासून आहेत. एरवी शेतकरी, चार एकर धान. हंगामात मोटरी सांभाळतात. बोटीला दोन मोटरी आहेत, प्रत्येकी २० हॉर्सपॉवरच्या. एक मोटर साधारण १५ किलोवॉट धरली आणि आठ तास चालवली तर १२० युनिट, दोघींचे २४०. मालक बोटीकडे नाराजीनं का बघतात ते या आकड्यात आहे. त्यात आपला उन्हाळा. बोटीशेजारचा पार्कचा तलाव वीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. मे महिन्यात दिवसाला बोटभर, म्हणजे सेंटिमीटरभर पाणी उडालं, तरी तीन हजार लिटर गेले. अंगावर उडालेलं आणि नालीच्या भेगांतून जिरलेलं वेगळंच. तेवढं पाणी बोअरमधून उपसायचं, आणि कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याची बोअरही त्याच खडकातून पाणी घेते. हा प्रश्न टाळून अशा पार्कबद्दल बोलणं मला खोटं वाटतं.

काकांनी मला नालीच्या आतल्या भिंतीवरची एक निळी रेघ दाखवली. ऑइलपेंटनं, हातानं मारलेली.

"पाणी इच्या खाली गेलं का बोट बुडाले घासते जी. मंग मी पट्टा बंद करतो."

"आणि तुमचं लक्ष नसलं तर?"

"मोटर दमली का आवाज जाड होते. मले झोपीतबी समजते." जरा थांबून म्हणाले, "पण भाऊ, माह्या जागी दुसरा आला तं त्याले काय समजन?"

हा प्रश्न ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण त्याचं उत्तर एकदा मिळून गेलं आहे. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला ड्रीमवर्ल्ड नावाचं पार्क आहे. तिथली थंडर रिव्हर रॅपिड्स ही तराफ्यांची राइड १९८६ सालची. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथला एक पंप बंद पडला. पाणी झपाट्यानं उतरलं, एक रिकामा तराफा लोखंडी रुळांवर अडकला. पट्टा मात्र चालूच राहिला आणि सहा जणांना घेऊन येणारा मागचा तराफा त्याच्यावर आदळला. चार माणसं गेली. तोच पंप त्या दिवशी आधीही दोनदा बंद पडला होता. चौकशीत निघालं की पाणी उतरल्यावर राइड आपोआप थांबवणारी यंत्रणाच तिथं नव्हती. नालीच्या भिंतीवर पाण्याचा डाग होता, त्यावरून माणसं अंदाज घेत. ती राइड पुन्हा कधी सुरू झाली नाही आणि २०२० मध्ये कंपनीला ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. तिथं डाग, इथं निळी रेघ.

मालक दुपारी आले. माणूस मनापासून बोलणारा. त्यांच्या मोबाइलवर नव्या रंगीत घसरगुंड्यांचे फोटो होते. "पोराईले आता हे पायजे," म्हणाले. त्यांचं खोटं नाही. मोठमोठ्या पार्कांनीही हाच विचार केला. इंग्लंडच्या अल्टन टॉवर्समध्ये १९८१ पासून चालणारी ओंडक्यांची राइड २०१५ ला बंद झाली आणि तिच्या जागी लाकडी रोलर कोस्टर आला. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडनं दुसरी वाट धरली. तिथली १९८९ ची स्प्लॅश माउंटन २०२३ मध्ये थांबवली आणि तीच नाली, तोच उतार ठेवून पुढच्या वर्षी नव्या गोष्टीसह उघडली. मुंबईच्या मुलांना या दोन्ही वाटा दूरच्या वाटतील, त्यांच्यासाठी पर्याय पुष्कळ. साकोली तालुक्यातल्या लेकराला ही बोट गेली की तिच्या बदल्यात काही नाही.

मी मालकांना जे सांगितलं ते इथंही लिहितो. रंगाचे पैसे यंदा थांबवा. आधी नालीत पाण्याची पातळी मोजणारे दोन सेन्सर बसवा आणि ते पट्ट्याच्या मोटरला असे जोडा की रेघेखाली पाणी गेलं की पट्टा कुणाला न विचारता थांबेल. दोन का, तर एक बिघडला तरी दुसरा असतो. मग भेगा बुजवा. मग पंपाला गती कमीजास्त करणारा ड्राइव्ह लावा. नालीत पाणी फिरवायच्या कामाला गती थोडी उतरवली तरी वीज बरीच वाचते. आणि हे करायची तयारी नसेल, तर बोट बंदच करा. माझी कितीही आठवण तिच्यात असली तरी.

काढलेल्या बोटींचं काय करणार, विचारलं तर मालकांनी कुंपणामागे हात केला. तिथं जुन्या घसरगुंडीचे तुकडे गवतात पडले होते, निळे, फिके. फायबर वितळवून पुन्हा ओतता येत नाही आणि भंगारवाला त्याला हात लावत नाही. जर्मनीत पवनचक्कीची जुनी पाती तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत टाकतात. रेझिन जळून उष्णता देतं आणि काचेतली सिलिका सिमेंटमध्येच जाते. सिमेंटच्या भट्ट्या आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत. सगळ्या पार्कांनी मिळून एक ट्रक भरला तर हे इथंही बोलता येईल, असं मला वाटतं.

ऊन उतरल्यावर मावसभावानं मला जवळच्या मामा तलावावर नेलं. मामा म्हणजे माजी मालगुजारी, गावाचा सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव राहिले. कोहळी समाजानं बांधलेले, कित्येक अडीचशे-तीनशे वर्षांचे. या तलावात मात्र गाळ चढलेला, अर्ध्या पात्रात बेशरमाची झुडपं माजलेली. पाळीवर उभं राहून भाऊ म्हणाला, आजोबांच्या वेळी उन्हाळ्यात गाळ काढायला घरटी माणूस जायचा. त्याहून जास्त तो बोलला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी पुन्हा पार्कवर गेलो. मालकांनी रात्री नागपूरच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला होता. तो सोमवारी येणार होता. काकांनी मोटरी लावल्या. दहाएक मिनिटांत नाली भरत आली. माणसांच्या जागी रेतीची पोती ठेवून बोट सोडली. चढावर खटक्याचा तो ओळखीचा आवाज आला. पट्टा मध्येच बंद पडला तरी बोट मागे घसरू नये म्हणून तो खटका असतो. सातवीत मला वाटायचं काहीतरी तुटतंय.

बोट वर क्षणभर थांबली आणि खाली आली. पाण्याची भिंत उठली, आम्ही दोघंही भिजलो. काकांनी तोंड पुसलं नाही. त्यांची नजर निळ्या रेघेवर होती. लाटेनं ती झाकली, उघडी पडली, परत झाकली. पाणी शांत झालं तेव्हा रेघ चार बोटं पाण्याखाली होती.

"आणखी एक डाव सोडू," ते म्हणाले, आणि पोरांना पोती मोजायला सांगितली.