आमची वाटचाल : जुन्या रुळांच्या वाटेवरून

फ्रान्सच्या दक्षिण बर्गंडीत, सोन नदीकाठच्या शालों गावात आमचं सायकलींचं दुकान आहे. सायकली भाड्याने देणं, दुरुस्त करणं आणि चार-सहा दिवसांच्या सायकल-सहली आखून देणं हा आमचा व्यवसाय. माझे यजमान इथलेच, पेशाने मेकॅनिक. मी मूळची मिरजेची, फ्रेंच शिकायला म्हणून दिजोंला आले आणि इथेच रमले. आमच्याकडे फ्रेंच, डच, जर्मन मंडळी येतातच. पण गेल्या काही वर्षांत पुणे, नाशिक, सांगलीहून थेट येणारी आणि लंडन, फ्रँकफर्टला स्थायिक झालेली मराठी कुटुंबं वाढली आहेत. त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आम्हाला झेपेल का?

याचं उत्तर माणसाच्या वयापेक्षा वाटेवर जास्त अवलंबून असतं, असं आम्ही ठामपणे सांगतो. आमचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे.

आमच्या गावाजवळ जिव्री आहे. तिथून क्लुनीपर्यंत पूर्वी रेल्वे धावायची. मार्ग बंद पडला, रूळ निघाले आणि 1997 साली सोन-ए-लुआर जिल्ह्याने त्या जागी 44 किलोमीटरचा गुळगुळीत डांबरी मार्ग केला. फ्रान्समधली पहिली ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणजे हरित मार्ग म्हणून तो ओळखला जातो. 2004 मध्ये देशाच्या वाहतूक नियमांत अशा मार्गांना स्वतंत्र स्थान मिळालं. त्यावर मोटारी आणि मोटारसायकलींना मज्जाव. पायी चालणारे, सायकलवाले, चाकांच्या खुर्चीवरून फिरणारे, काही ठिकाणी घोडेस्वार, एवढ्यांचाच तो रस्ता.

आम्ही 2014 साली दुकान उघडलं तेव्हा शर्यतीच्या सायकली ठेवा, डोंगरातल्या घाटांच्या सहली करा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. फ्रान्समध्ये सायकल म्हटली की लोकांना टूर द फ्रान्स आठवते, त्यामुळे त्यांचंही चूक नव्हतं. आमची दिशा पक्की झाली ती माझे बाबा इथे आले तेव्हा. बाबा मिरजेला रेल्वेत, रुळांच्या देखभालीवर होते. याच मार्गावरच्या सां-जांगू गावच्या जुन्या स्टेशनापुढे त्यांनी सायकल उभी केली, खाली उतरून भरावाची बाजू बघितली, बुटाने दगड चाचपला आणि पुढचं वळण डोळ्यांनी मापलं. मग म्हणाले, “इंजिनाला चढ सोसत नाही गं. शंभर मीटर गेलं की फार तर एखादा मीटर वर. म्हणजे इथे म्हाताऱ्यालाही दम लागायचा नाही.” जिथे टेकडी आली तिथे ती कापलेली, जिथे खोलगट भाग आला तिथे भराव टाकलेला. हे काम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी घाम गाळून करून ठेवलं आहे आणि आज त्यावरून आठ वर्षांची पोरं सायकल हाकतात. बाबांच्या त्या बोलण्यानंतर शर्यतीच्या सायकलींचा विचार आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही प्रत्येकाला निघण्याआधी दोनदा सांगतो. हरित मार्गाला जिथे गावचा रस्ता आडवा येतो, तिथे बहुतेक वेळा थांबायचं असतं ते सायकलवाल्याने. पूर्वी फाटक पडायचं आणि रस्त्यावरचे लोक थांबायचे, आता उलट झालं आहे. चढ नाही, गाड्या नाहीत म्हणून मुलं तंद्रीत जातात. म्हणून लहान मुलांच्या पुढे एक मोठं माणूस हवंच. बारा वर्षांखालच्या मुलांना इथे 2017 पासून हेल्मेट सक्तीचं आहे, ते आम्ही सायकलीबरोबरच देतो.

मार्ग निवडताना आम्ही फार चिकित्सा करतो. लुआर नदीकाठचा मार्ग जगप्रसिद्ध आहे, सुमारे 900 किलोमीटरचा, राजवाड्यांच्या ओळीतून जाणारा. पण त्याचा बराचसा भाग कमी वर्दळीच्या गावरस्त्यांवरून जातो. सरावलेल्या माणसाला तो स्वर्ग आहे. चाळीस वर्षांनी सायकलवर बसणाऱ्या काकूंना मात्र मागून आलेली एक दुधाची गाडीसुद्धा पुरे होते, हात थरथरतात आणि पुढचे दोन दिवस मन रस्त्यावर लागत नाही. अशांना आम्ही लुआर सुचवत नाही, त्यांनी आग्रह धरला तरी.

त्यांना आम्ही कालव्याकाठी नेतो. आमच्या दारातूनच सोन आणि लुआर या दोन नद्यांना जोडणारा कालवा निघतो, सुमारे 112 किलोमीटर लांब, अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. पूर्वी घोडे काठाकाठाने चालत मालाच्या होड्या ओढायचे. त्यांच्या त्या वाटेचे बरेच टप्पे आज सायकलींसाठी आहेत. पाणी सपाट, म्हणून वाट सपाट. फक्त जलद्वार, म्हणजे होड्यांना पाण्याच्या वरच्या-खालच्या पातळीवर नेणारं दार, आलं की थोडा उंचवटा चढायचा, बस्स. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोव्हेलो 6 हा लांब पल्ल्याचा मार्ग याच भागातून जातो, त्यामुळे कधी कधी रोमानियाला निघालेला एखादा प्रवासी आमच्या दुकानात चेन बदलून घेतो आणि आमची नाशिकची मंडळी त्याच्याभोवती गोळा होतात.

फ्रान्सच्याच पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतातला नांत ते ब्रेस्त कालवाही आमच्या यादीत आहे. इंग्रजांचं आरमार समुद्रमार्ग अडवायचं, म्हणून नेपोलियनच्या काळात आतून वाट काढण्यासाठी तो खणायला घेतला. 364 किलोमीटर! पण तिथली वाट दाबलेल्या रेतीची आहे. पावसानंतर चाक जड होतं, बारीक टायर चालत नाही. तिथे जायचं तर आम्ही रुंद टायर लावून देतो आणि रोजचा टप्पा कमी धरतो.

सायकलींबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे आम्ही सर्वाधिक कष्ट घेतले आहेत. आपल्याकडच्या अनेक बायकांची उंची पाच फुटांच्या आसपास. इथल्या दुकानांत मिळणाऱ्या सायकली त्यांना मोठ्या पडतात. सीट खाली केली तरी हँडल लांब राहतं आणि संध्याकाळी मान धरते. म्हणून आम्ही लहान फ्रेमच्या, मधली दांडी खाली वाकलेल्या सायकली मागवल्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात प्रत्येकाची सायकल बसवून देतो. टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल सगळ्यात खाली, आणि पाय सरळ झाला पाहिजे. इथे बहुतेक जण म्हणतात, “नको, खालीच असू दे, पाय टेकायला हवेत.” नागपूरच्या एक काकू तर हटूनच बसल्या. यजमानांनी सीट तेव्हा खालीच ठेवली. दुसऱ्या दिवशी दर थांब्याला बोटभर वर केली. वाटेवरच्या कोर्मातांच्या किल्ल्यापाशी पोचेपर्यंत ती योग्य उंचीवर आली होती आणि काकू सुनेच्या पुढे होत्या.

क्लुनीच्या पुढे मासोंच्या दिशेने बुआ क्लेरचा रेल्वे बोगदा लागतो, सुमारे 1.6 किलोमीटर लांब. ऐन उन्हाळ्यातही आत थंडगार असतं, स्वेटर वरच्या पिशवीत ठेवा. हिवाळ्यात तिथे वटवाघळं झोपतात, त्यामुळे त्या काळात तो बंद असतो आणि टेकडीवरून वळसा घालावा लागतो. पुष्कळ लोक यावर हळहळतात. मला ही व्यवस्था मनापासून पटते.

क्लुनीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. 910 साली स्थापन झालेला तिथला मठ एके काळी युरोपभर सत्ता गाजवायचा आणि त्याचं चर्च रोमचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगात सर्वांत मोठं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर बहुतेक भाग पाडून दगड विकले गेले. उरलेला एक मनोरा पाहिला तरी मान मागे टाकावी लागते.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींची सोय होते, पण आधी सांगावं लागतं. खेड्यातली खानावळ दुपारी बारा ते दोन चालते, नंतर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारी बेकरीही बंद. त्या दिवसांचा डबा आम्ही सोबत देतो. कडक शाकाहारी असाल तर आणखी एक : इथल्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. मुक्कामाच्या यजमानीणबाईंना आम्ही हे आधीच समजावतो. पाण्याची बाटली गावच्या दफनभूमीतल्या नळावर भरायची इथल्या सायकलस्वारांची जुनी रीत आहे. नळाला पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना, एवढं बघायचं.

2020 चं वर्ष कठीण गेलं. मार्चमध्ये देश बंद झाला, परदेशी पाहुणे एकही नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर सरकारने जुनी सायकल दुरुस्त करायला सायकलीमागे 50 युरोंपर्यंतची मदत जाहीर केली आणि लोकांनी तळघरांतून गंजलेल्या सायकली बाहेर काढल्या. दुकानापुढे रांग लागायची. विकून टाकू म्हणत होतो त्या कार्यशाळेनेच आमचं घर चालवलं. त्या वर्षी ओळख झालेली शालोंमधली कुटुंबं आजही आमचा आधार आहेत. हंगाम संपला की त्यांच्याच सायकलींवर हिवाळा निघतो.

भारतातून येणाऱ्यांसाठी व्हिसाच्या कागदांची तयारी आम्ही करून देतो : प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं पत्र आणि रोजचा कार्यक्रम. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो, तो तुम्ही काढायचा. सामान आमची गाडी पुढच्या मुक्कामी पोचवते. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही 1200 किलोमीटरची सायकलवारी करायला महाराष्ट्रातून येणारे काही जण परतण्याआधी घरच्यांना घेऊन आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठीही टप्पे रोजचे 30 ते 35 किलोमीटरच. घरच्यांच्या मागे सायकल चालवायला त्यांना आवडतं, असा आमचा अनुभव आहे.

येत्या हंगामात नव्याने घेतो आहोत तो निव्हेर्ने कालवा, ऑसेरपासून क्लामसीपर्यंत. मार्गाची पाहणी झाली, ऑसेरला मुक्काम ठरला. क्लामसीच्या पुढचं अजून लांबणीवर आहे, कारण सगळ्या सायकली रात्री कुलपाआड राहतील अशी शेड असलेलं घर तिथे मिळालेलं नाही. ते मिळालं की पुढचे टप्पे जाहीर करू. चौकशी करताना घरातल्या प्रत्येकाची उंची तेवढी आवर्जून कळवा, लहान फ्रेमच्या सायकली मोजक्याच आहेत.