कॅसेटचं घराणं

आमच्या बेळगावातले गाणंवेडे रेकॉर्डिंग पाठवून गप्प बसत नाहीत, मागोमाग फोन येतोच, ऐकलास काय, कुठपर्यंत आलास. आणि तुम्ही "छान आहे" म्हणालात की संपलं, पुढचं रेकॉर्डिंग काही येत नाही बघा. छान हे काय उत्तर झालं? कुठली जागा आवडली ते सांगा की.

इकडं हे वेड असणारच म्हणा. कुमार गंधर्व १९२४ ला जन्मले ते इथंच सुळेभावीला, आणि धारवाड तरी कुठं लांब आहे, तिथले गवई मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू, पलीकडं हुबळीत गंगूबाई हंगल.

माझ्याकडचं बरंचसं रेडिओवरनं टेप केलेलं. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९५२ पासूनचा, तो दीड तासाचा आणि कॅसेटही ९० मिनिटांची, म्हणजे हिशोब बसायला हवा, खरं एक बाजू ४५ मिनिटांचीच की हो, त्यामुळं गायक रंगात यायला आणि बटण खटकन वर यायला एकच गाठ, कॅसेट काढून उलटी करून परत दाबेपर्यंत दोन-तीन आवर्तनं गेली ती गेलीच. मग तिची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, आता मोबाईलवर एमपीथ्री, तरी ते 'खट्' तिथंच.

आणि त्या खोडीवरनंच कुणाच्या घरातलं रेकॉर्डिंग ते कळतं! मधे कुकरची शिट्टी असली की शहापूरचे काका, ते टेप रेडिओसमोर ठेवून रेकॉर्ड करायचे. मन्सूरांच्या तानेत जसे त्यांचे गुरू मंजीखाँ-बुर्जीखाँ दिसतात तशी कॅसेटचीपण गुरुपरंपरा असते. डेक जरा जोरात पळाला की गाण्याची पट्टी, म्हणजे सगळा सूरच, वर जाते, मग गायकाची खरी पट्टी कुठली यावर आमच्यात भांडणं, जेवणं गार होईपर्यंत.

अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन' ही ठुमरी मात्र भांडण न करता कुणालाही पाठवावी, जुनी तबकडी, तीन-साडेतीन मिनिटं, तेवढं कोणपण ऐकतो.

आता पोरं सॉफ्टवेअर लावून सगळं साफ करतात. खरखर जाते, कबूल, खरं तिच्याबरोबर तानपुऱ्याची जवारी, तारांचा तो गुंजणारा झंकार, तो पण धुऊन निघतो, आणि मैफलीतलं असलं तर समेवरची ती 'वाऽ' पण. वर सुरुवातीचं धारवाड रेडिओच्या निवेदकाचं कन्नड कापून टाकतात! अरे, त्यातनंच तर तबल्यावर कोण, पेटीवर कोण ते कळायचं, फाईलचं नाव बघावं तर 'ट्रॅक झिरो थ्री'.

तर मन्सूरांचा शिवमत भैरव राग कुणाकडं न धुतलेला असेल तर पाठवा. टेप पळत असला तरी चालतंय, पट्टी मी खाली ओढून घेतो.