व्हँग सुटेना म्हणून आम्ही पाण्यात

वाऱ्याकडचा मार्क (वळसा घालायचा बोया) वळलो, शिडाची बोट डाउनविंडला, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने, उतरवायला घेतली आणि नेमका त्याच वेळी झोत आला. व्हँग, म्हणजे बूम (शिडाखालची आडवी दांडी) खाली ओढून धरणारी दोरी-कप्प्यांची जोडणी, ढिला करायचा होता पण दोरी जुन्या क्लीटमध्ये, दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अशी रुतलेली की एक झटका दिला, दोन दिले, ढिम्म. बोट कलली, बूमचं टोक पाण्यात टेकलं, आणि एकदा ते टेकलं की शीट (शीड आत-बाहेर करायची दोरी) कितीही सोडा, बूमला बाहेर जायला जागाच उरत नाही, शिडात हवा भरलेलीच राहते. भोपाळच्या बड्या तालाबात भर मे महिन्यात अस्मादिक आडवे. किनाऱ्यावर पोचलो तर एक पोरगा म्हणतो, "क्यों खां, नहा लिए?"

गंमत म्हणजे हे सगळं अपग्रेडवर बक्कळ पैसे घालून झाल्यानंतर. पैसे चुकीच्या टोकाला गेले होते.

बोट म्हणजे सेकंडहँड लेझर, एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट, रेडियल मापाचं शीड, ५.७६ चौरस मीटर. आम्ही राहतो इंदूरला आणि बोट राहते भोपाळला, त्यामुळे देवास, आष्टा, सिहोर करत जायचं, पोचेपर्यंत निम्मा वारा संपलेला. मग उरलेल्या दिवसांत माणूस घरी बसून व्हिडिओ बघतो आणि खरेदी करतो. मी आधी घेतले बॉल बेअरिंगचे ब्लॉक, म्हणजे कप्प्या, सगळीकडे, कारण बोटाने फिरवले की ते भिंगरीसारखे फिरत राहतात आणि जीव सुखावतो. मेनशीटला ते बरोबरच, शीट सतत पळत असते. पण व्हँगमधली दोरी सरकते चार बोटं आणि भार असतो प्रचंड, तिथे साधं बेअरिंगच बरं, भाराखाली ते छोटे गोळे दबतात. हे कळलं तेव्हा पाकीट हलकं झालेलं.

दोरीत मात्र कंजूषपणा केला. सियागंजातून छान पांढरी नायलॉनची दोरी आणली, दिसायला अगदी तशीच, आणि आउटहॉलला, म्हणजे शिडाचा मागचा कोपरा बूमच्या टोकाकडे ओढणाऱ्या दोरीच्या जागी, लावली. नायलॉन ताणतं हो! आउटहॉल ओढतो कशाला, तर जोराच्या वाऱ्यात शिडाचं पोट सपाट राहावं म्हणून, आणि ही बया झोत आला की लांब होणार, म्हणजे जेव्हा सपाट हवं नेमकं तेव्हाच पोट सुटणार. दोन महिने मला वाटत होतं माझंच वजन कमी पडतंय.

मग डायनीमा आणली, भक्कम कृत्रिम धाग्याची दोरी, ४ मिमी. ताणत जवळजवळ नाहीच. पण गुळगुळीत इतकी की उघड्या डायनीमात मारलेली बोलाइनची गाठ भाराखाली सरकत जाते, म्हणून स्प्लाइस शिकावं लागतं. टोक दोरीच्याच पोटात घालायचं, जाडीच्या ७२ पट आत जावं असं सांगतात, म्हणजे ४ मिमीला २९ सेंटीमीटरच्या आसपास, आणि आपली कंट्रोल लाइन मुळात हातभर, तर बसवायचं कुठे? मी थोडं कमी घालून वरून दोऱ्याने शिवून टाकलं, आईच्या दाभणाने. आईने उरलेल्या तुकड्यावर गॅलरीत कपडे वाळत घातले, सगळे चिमटे घसरून मधोमध गोळा. "एवढी महाग दोरी आणि एक टॉवेल धरवत नाही."

पाण्यात पडल्यावर शेवटी व्हँगकडे वळलो, जो पहिल्या दिवशी बघायला हवा होता. लेझरच्या मास्टला बाजूच्या तारा नसतात, त्यामुळे व्हँग बूम खाली धरतोच आणि मास्टही वाकवतो, शीड सपाट होण्याचं अर्धं काम त्याचंच. ताकद दुप्पट करणाऱ्या २:१ कप्पीसंचापुढे ४:१ जोडला की ८:१, हाताने १० किलो ओढलं तर तिकडे ८०, घर्षणात जाईल ते वजा. बदल्यात १ सेंटीमीटर खेचायला ८ सेंटीमीटर दोरी ओढा, आणि लांबी चुकली तर ब्लॉकला ब्लॉक भिडतो आणि व्हँग अर्धवटच राहतो. माझा पहिल्यांदा भिडला, दोरी पुन्हा कापली. पण त्याहून महत्त्वाचं निघालं क्लीट. फिरत्या बुडाचं कॅम क्लीट घेतलं आणि दुकानात नाही, बोट गवतावर ठेवून, बाहेर लटकून बसून बघितलं की त्या जागेवरून एका हाताने सुटतं का. ओढायला सगळेच सोपं करतात, सोडायचं कोणी बघत नाही.

रेस करायची असेल तर खरेदीआधी क्लासचे, म्हणजे त्या प्रकारच्या बोटींचे, नियम वाचा, शीड, मास्ट, बूम क्लासचंच लागतं, दोऱ्या-ब्लॉकमध्ये मोकळीक आहे पण तीही मोजून.

जूनमध्ये तोच मार्क, तसाच झोत, एक झटका दिला आणि व्हँग सुटला, बूम वर उचलला गेला. पुढच्या जाइबला (वारा पाठीशी असताना शीड दुसऱ्या बाजूला नेताना) पडलो ते वेगळं, त्यात दोरीचा दोष नाही. कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) अजून जुनाच आहे, त्याला दिवाळीनंतर हात लावीन, सध्या आईने हिशेब मागितलाय.